सेरामे परत येत होता

मोसू गावाजवळच्या कड्याखाली सुआचं खारं मैदान सुरू होतं, तिथे बोनोलो रोज सकाळी अकीकाचे दगड वेचायला जाई. बाहेरून दगड बटाट्यासारखे मळकट. पण हातात घेतला की ती सांगे, आत राखाडी-गुलाबी पट्टे आहेत की नुसतीच पोकळी.

तिचा नवरा सेरामे भूगर्भ तपासणाऱ्यांना मैदानावर वाट दाखवायचा. चार वर्षांपूर्वी त्यांची गाडी मिठाची पापडी फोडून चिखलात रुतली. पाणी संपलं, तसा सेरामे मदत आणायला पायी निघाला. दुसऱ्या दिवशी गाडीतली माणसं जिवंत सापडली. तो काही सापडला नाही.

"कुठला मरतोय तो," धाकटा दीर मोतलादी चारचौघांत म्हणाला होता. "जोहान्सबर्गला दुसरं घर केलं असेल."

देह नव्हता म्हणून दफन नव्हतं, आणि दफन नव्हतं म्हणून विधवेचे काळे कपडेही नव्हते. लग्नकार्यात तिला कुठे बसवावं, याचा बायकांना प्रश्न पडे. ती आपणहून भांड्यांपाशी जाऊन बसे.

चौथ्या वर्षीच्या हिवाळ्यात केफिल्वे नावाची भूवैज्ञानिक मुलगी अंगणात आली. बोनोलो चुलीवरची ज्वारीची पेज ढवळत होती.

"मावशी, मैदानात आम्हाला एक माणूस सापडलाय. मिठात राहिल्यामुळे बराच टिकलाय. कमरेच्या पट्ट्यावर बैलाचं तोंड कोरलंय."

"एक शिंग अर्धवट?"

"हो."

"मग तोच. मीच कोरायला घेतलं होतं, हात दुखला म्हणून सोडलं."

बोनोलोने पेज उतरवली, विस्तवावर राख ओढली आणि शाल घेऊन गाडीत बसली.

सेरामे कुशीवर पडला होता. शेजारी पाण्याचे दोन मोठे कॅन होते, दोन्ही भरलेले.

"पलीकडच्या काठावर गुरांचा तळ आहे, तिथल्या विहिरीवर भरले असणार," केफिल्वे हळूच म्हणाली. "तिथे तेव्हा कुणी नव्हतं. तिथेच थांबला असता तर वाचला असता, मावशी; एवढं ओझं घेऊन उन्हात निघाला आणि वाटेत कोसळला. तोंड गाडीच्या दिशेला आहे. त्यांच्यासाठी पाणी घेऊन परत येत होता तो."

बोनोलोने मान हलवली. आता रडू येईल असं तिला वाटलं, म्हणून ती थोडा वेळ उभी राहिली. मिठाने डोळे चुरचुरले, तेवढंच.

दफनाला सगळं गाव आलं. गाडीतल्या ज्या तिघांना ते पाणी पोचलं नव्हतं, त्यांच्यातले दोघे गाबोरोनहून आले आणि मागे उभे राहिले. मोतलादी तिच्यापाशी येऊन घुटमळला.

"वहिनी, मी नाही नाही ते बोललो होतो."

"बोलला होतास."

"चिडली असशील."

"नाही रे. मला काहीच होत नाहीये. तू बैल कापायचं बघ, लोक लांबून आलेत."

वर्षभर ती काळ्या कपड्यांत दगड वेचायला गेली. आता लग्नात तिची जागा ठरलेली होती, विधवांच्या चटईवर. कुणी सेरामेच्या पाण्याची गोष्ट काढली की ती ऐकून घेई, दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याची असावी तशी.

वर्ष भरलं, तेव्हा नणंदांनी काळे कपडे जाळले आणि तिला पिवळा झगा घातला. तो खांद्यावर सैल झाला.

"किती वाळलीस गं," थोरली नणंद टाचणी लावताना म्हणाली. "जेवतेस ना?"

"जेवते की."

"आज काय खाल्लंस?"

बोनोलोला सांगता येईना. नणंदेने कुटलेल्या मांसाची थाळी तिच्या मांडीवर ठेवली आणि समोर बसून राहिली. बोनोलोने एक घास घेतला, मग दुसरा. थाळी संपेपर्यंत नणंद उठली नाही.