पुलावरची दोन मतं

“डोळे बांधून सात माणसं निवडून दिली, तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही. आता एकदा उघड्या डोळ्यांनी निवडते म्हटलं, तर सगळ्यांना कळा सुटल्या होय? लिहा माझं नाव यादीत! नाहीतर ही चादर धरा आणि तुम्हीच मारा इस्त्री!”

अक्कानं इस्त्री खाली आपटली तशी तिच्यातल्या निखाऱ्यांची ठिणगी उडून निवडणूक कारकुनाच्या फायलीवर पडली. त्यानं ती बोटांनी विझवली आणि बोटं तोंडात घातली. प्रांताच्या कचेरीतून आलेला भला माणूस होता. त्याला वाटलं होतं, एक सही घ्यायची आणि दुपारच्या गाडीनं परतायचं.

सही कशाची, ते सांगायचं तर जरा मागं जावं लागतं.

हा मतदारसंघ कालव्यानं मधोमध कापलेला. अलीकडं एक वस्ती, पलीकडं दुसरी, मध्ये दगडी पूल आणि पुलाच्या ऐन मध्यावर अक्काचं इस्त्रीचं खोपट. प्रांतसभेची पहिली निवडणूक झाली तेव्हा अलीकडच्यांनी अलीकडच्याला मतं दिली, पलीकडच्यांनी पलीकडच्याला, आणि मोजणीत निघाली चार हजार एकशे सोळा विरुद्ध चार हजार एकशे सोळा. पुन्हा मोजली, तरी तीच. मग पुलावर अशी हाणामारी झाली की दोन्हीकडची मिळून एकोणीस डोकी फुटली. त्यातही अलीकडची दहा आणि पलीकडची नऊच निघाली म्हणून पलीकडच्यांनी आणखी एक फोडून घेतलं.

शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. पण काढणार कोण? दोन्हीकडचं नसलेलं माणूस हवं. तेव्हा अक्का नुकतीच लग्न होऊन पुलावर आली होती. पूल ना याचा ना त्याचा, त्यामुळं तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. तिनंच इस्त्री केलेल्या उशीच्या अभ्र्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, तिच्याच फडक्यानं तिचे डोळे बांधले, आणि तिनं हात घालून प्रांतसभेला पहिला प्रतिनिधी काढून दिला.

तेव्हापासून दोन्ही वस्त्यांनी एक पद्धत पाडली. डोकी फुटण्यापेक्षा बरोबरी बरी म्हणून याद्याच जुळवून ठेवायच्या. अलीकडं एखादा पोरगा मतदानाच्या वयात आला की पलीकडं एक येईपर्यंत त्याचं नाव घालायचं नाही. पलीकडची एखादी आजी गेली की अलीकडच्या एका धडधाकट आजोबाला यादीतून उतरवायचं. आजोबा महिनाभर तणतणायचे, “मी जिवंत आहे!” लोक म्हणायचे, “हो, पण कालव्याच्या दृष्टीनं नाही.” मतदानाच्या दिवशी अलीकडच्या कुणाला हगवण लागली, तर पलीकडं निरोप जायचा आणि तिकडचा एक जण मुकाट्यानं घरी बसायचा. असं करत सात निवडणुका झाल्या आणि सातही वेळा तंतोतंत बरोबरी, आकडाही तोच. एकदा शाळेच्या मास्तरांनी विचारलं होतं, मतदान कशाला करता, सरळ चिठ्ठीच काढा. लोकांनी त्यांना खुळ्यात काढलं. “मास्तर, मतदान नको? लोकशाही आहे ना?”

सात वेळा अक्काचे डोळे बांधले गेले. चार वेळा अलीकडचा निघाला, तीन वेळा पलीकडचा. जे हरायचे ते रुसायचे आणि तीन आठवडे अक्काकडं कपडे टाकायचे नाहीत. अर्धी वस्ती चुरगळलेल्या शर्टांनी हिंडायची. मग कुणाच्या तरी घरी लग्न निघायचं, की मान खाली घालून गठ्ठे परत पुलावर.

या सगळ्यात अक्काला कुणी कधी मत मागायला आलं नाही. कपडे मागायला यायचे, चिठ्ठी काढायला न्यायला यायचे. वस्तीत प्रचाराची गाडी फिरायची, ती पुलावर आली की भोंगा बंद व्हायचा आणि पूल संपला की चालू. हे अक्काच्या जिव्हारी लागलेलं होतं.

आता मतदारसंघच मोडीत निघाला होता. प्रांताच्या नव्या नकाशात कालव्याचे दोन्ही काठ मोठ्या शहराला जोडायचे ठरले. ही शेवटची निवडणूक; चार महिन्यांनी सगळा कारभार बंद. कारकून आला होता तो जुन्या निकालांच्या नोंदवहीवर ‘सातही चिठ्ठ्या मीच काढल्या’ अशी अक्काची सही घ्यायला. तर अक्का म्हणाली, आधी नाव लिहा, मग सही.

“अहो, पण तुम्ही नाव घातलंत तर बरोबरी मोडेल,” कारकून काकुळतीला आला.

“मोडू दे. पस्तीस वर्षं जपली, लोणचं घालू तिचं?”

कायद्यात तिला अडवणारं काही नव्हतं. कारकुनानं फॉर्म काढला. तो घराचा फॉर्म. त्यात घरातल्या सगळ्या सज्ञान माणसांची नावं लिहावी लागत. म्हणून कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या अक्काच्या नवऱ्याचंही नाव त्यानं लिहिलं. नवऱ्यानं मान वर केली, हात पुसला, सही केली आणि पुढची घडी घातली. हा माणूस असाच. पस्तीस वर्षं अक्का इस्त्री मारायची आणि तो घड्या घालायचा. गिऱ्हाइकांना त्याचा आवाज ओळखीचा नव्हता.

पुलावर दोन मतं झाली, ही बातमी दोन्ही काठांना विंचवासारखी डसली. नवरा-बायकोची मतं एकाच पारड्यात पडणार हे सगळ्यांनी धरूनच टाकलं. म्हणजे अक्का जिकडं, तिकडचा दोन मतांनी निवडून येणार!

दुसऱ्या दिवशी सकाळी अलीकडचा उमेदवार हात जोडून खोपटाच्या दारात. हा लाकडाच्या वखारीचा मालक. “अक्का, तुमच्या मतावर माझी मदार आहे.”

“पुन्हा म्हणा,” अक्का म्हणाली.

“तुमच्या मतावर…”

“जरा मोठ्यानं. भोंगा आणला नाहीत?”

त्यानं भोंगा आणवला. दुपारी पलीकडचा आला, हा दातांचा डॉक्टर. त्यानं तर पुलावर व्यासपीठच बांधलं आणि तीन फुटांवर बसलेल्या अक्कापुढं पाऊण तास भाषण केलं. “माझ्या पुलावरील बंधू आणि भगिनींनो!” अक्का एकटीच टाळ्या वाजवायची. पंधरा दिवस हा सोहळा चालला. अक्काच्या अंगावर मूठभर मांस चढलं. नवरा व्यासपीठाखाली बसून घड्या घालत होता, कारण वर भाषणामुळं त्याची जागा गेली होती.

मतदान झालं. अक्कानं पेटीत चिठ्ठी टाकताना डोळे असे फाडून उघडे ठेवले की बाहेर आल्यावर त्यांतून पाणी गळत होतं.

मोजणी शाळेत. कारकुनानं आकडा वाचला आणि खुर्चीवरच बसकण मारली. चार हजार एकशे सतरा विरुद्ध चार हजार एकशे सतरा.

आधी कुणाच्या लक्षात येईना. मग सगळी शाळा हळूहळू अक्काच्या नवऱ्याकडं वळली. तो खिडकीपाशी उभा होता.

“अहो,” अक्का म्हणाली, “तुम्ही तिकडं दिलंत?”

“हो. वखारवाल्याला.”

“आणि मी डॉक्टरला! जन्मात एकदा मत दिलं मी, आणि घरच्याच माणसानं ते पुसून टाकलं?” अक्काचा आवाज चिरकला. “मला विचारायचं तरी!”

“तू कुठं विचारलंस?” नवरा म्हणाला. “कुणीच विचारलं नाही. मी व्यासपीठाखालीच तर होतो.”

अक्कानं पदर खोचला. मग म्हणाली, “वखारवाल्यात काय पाहिलंत मेलं?”

“तो कपडे सुलटे करून पाठवतो. डॉक्टरचे सगळे उलटे असतात, बाह्या आतमध्ये. तू तशीच इस्त्री फिरवतेस, आणि घडी घालताना पस्तीस वर्षं माझा हात त्या बाह्यांत जातोय.”

“आणि वखारवाल्याची कॉलर? बोटभर मळ! इस्त्रीआधी घासून घासून माझा जीव जातो. डॉक्टरची कॉलर बघा, आरशासारखी.”

“मला कॉलर कुठं दिसते? माझ्याकडं शर्ट येतो तेव्हा ती स्वच्छ झालेली असते.”

दोघं उमेदवार आपापल्या कॉलरी आणि बाह्या चाचपत उभे होते.

कारकुनानं पद्धतीप्रमाणं उशीचा अभ्रा पुढं केला. “अक्का, चला. चिठ्ठी.”

“मी नाही,” अक्का म्हणाली. “मी आता डॉक्टरच्या बाजूची. माझा हात तुम्हाला चालेल?” वखारवाल्यानं जोरानं नकारार्थी मान हलवली. “मग हे?” ती नवऱ्याकडं पाहून म्हणाली. आता डॉक्टरनं मान हलवली. कारकून म्हणाला, मी काढतो, मी तर बाहेरचा. त्यावर दोन्ही काठ पहिल्यांदाच एका आवाजात ओरडले, “परका माणूस आमचा प्रतिनिधी ठरवणार?”

चार महिने शोध चालला. दोन्हीकडचं नसलेलं माणूस उभ्या मतदारसंघात उरलं नव्हतं. शेवटी मतदारसंघच संपला. नोंदवहीत सात निवडणुकांपुढं सात नावं आहेत आणि आठवीपुढं कारकुनानं नुसती रेघ ओढली आहे. ती सरळ आली नाही.

मोजणीच्या त्या दिवशी शाळेतून परत येताना पुलाच्या पायथ्याशी अक्का थांबली. “तुम्हाला व्यासपीठाखाली ऊन लागत नव्हतं ना?”

“नाही. सावली होती. भाषण तेवढं लांबायचं.”

खोपटात पंचेचाळीस कपडे पडून होते. अक्कानं निखाऱ्यांवर फुंकर घातली, राख झटकली, पाणी शिंपडलं. गठ्ठ्यातला पहिलाच शर्ट डॉक्टरचा निघाला. तिनं बाह्या ओढून बाहेर काढल्या, दोन्ही, नीट झटकल्या, आणि मग इस्त्री उचलली.