टेलरमास्तरांच्या पोटावरचा ठिपका

टेलरमास्तरांच्या पोटावरचा निळा ठिपका मी पुसला. स्पिरिटचा बोळा घेऊन, गोल गोल फिरवून, अगदी मन लावून. गुरुवारची सकाळ होती, दहा वाजता त्यांना ऑपरेशनला घ्यायचं होतं आणि पोट स्वच्छ करण्याचं काम वॉर्डातल्या सगळ्यात नव्या डॉक्टरकडे, म्हणजे माझ्याकडे होतं. ठिपका बेंबीच्या उजवीकडे, जरा खाली, एका जुन्या व्रणाच्या टोकाला होता. टेलर माणूस, कापडावर खुणा करताना एखादी स्वतःवरही उठली असेल, असा मी विचार केला. विचार केला म्हणणं जरा जास्तच झालं. आमच्या गावच्या शाळेत फळा पुसायचा मान सलग सात वर्षं माझ्याकडे होता. काही लिहिलेलं दिसलं की माझा हात आपोआप उठतो.

पावणेनऊला बाई राउंडला आल्या. त्यांनी पांघरूण बाजूला केलं, कपाळावरचा चष्मा खाली घेतला, आधी पोटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"ठिपका?"

"कुठला ठिपका?"

सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याची टाकी होती.

"मंगळवारी मी काढलेला."

"तो होय... मला वाटलं, टेलरकामातला असेल."

"टेलर बॉलपेननं पोटावर मापं घेतात?"

"खडूनं घेतो," खाटेवरून मास्तर म्हणाले. "आणि तीसुद्धा स्वतःची नाही."

बाई म्हणजे आमच्या हॉस्पिटलातल्या सर्जन. वय छप्पन्न, अंगानं किरकोळ, आणि त्यांचं स्वतःचं एक लोखंडी स्टूल होतं, त्यावर दुसरं कुणी बसायचं नाही. पोटाच्या ज्या केसेसमध्ये रक्त चांगलं, सोनोग्राफी चांगली, स्कॅन चांगला आणि पेशंट मात्र कळवळतोय, अशा सगळ्या त्यांच्याकडे यायच्या. बाई स्टूल ओढून खाटेशी बसायच्या, हात स्वतःच्या मांडीवर ठेवून गरम करायच्या, पोटावर ठेवायच्या आणि बराच वेळ काही करायच्या नाहीत. नातेवाइकांना वाटायचं, डुलकी लागली. शेवटी उठून एकच शब्द म्हणायच्या, "थांबूया." म्हणून हॉस्पिटलभर त्यांचं नाव 'थांबूया बाई'. भूल देणारे डॉक्टर तर फोनवर सरळ विचारायचे, "काय, आज थांबूया की येऊ?"

याचा अर्थ त्या कापायला घाबरायच्या असा कुणी काढू नये. मी रुजू झालो त्याच आठवड्यात एक आजोबा दोन दिवस पोट धरून ओरडत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते हसून म्हणाले, "दुखायचं एकदम थांबलं बघा." आम्ही सगळे खूश. त्यांच्या सुनेनं आमचे आभारही मानून टाकले. बाईंनी हातातला चहा तसाच खिडकीत ठेवला आणि म्हणाल्या, "एकदम? चला, आत्ता." अपेंडिक्स आत फुटलं होतं. फुगा फुटला की ताण जातो, तसं तेवढ्यापुरतं दुखणं गेलं होतं. आजोबा वाचले. चहा संध्याकाळपर्यंत खिडकीतच होता.

तर ठिपका. बाईंची एक पद्धत होती. पेशंटला डोळे मिटायला सांगायचं, एका बोटानं दुखरी जागा दाखवायला लावायची आणि तिथे बॉलपेननं ठिपका द्यायचा. दोन दिवसांनी पुन्हा डोळे मिटून, पुन्हा एक बोट. आतड्याचं दुखणं सहसा असं एका टोकावर बसत नाही. ते सरकतं, पसरतं, आणि माणूस अख्खा पंजा फिरवून "हे इथे सगळीकडे" म्हणतो. बोट पुन्हा नेमकं ठिपक्यावर पडलं, तर बाई वेगळ्या वाटेनं विचार करायला लागायच्या. मास्तरांची ही दुसरी वेळ गुरुवारी सकाळी नऊची होती. मी आठलाच फळा साफ केला होता.

मास्तरांच्या पोटावर आधीचे दोन व्रण होते. पहिला बारा वर्षांपूर्वीचा, अपेंडिक्सचा, दुसऱ्या कुठल्याशा दवाखान्यातला. दुसरा आठ वर्षांपूर्वीचा, चांगला वीतभर. आता तिसऱ्यांदा तेच दुखणं, आणि सगळे कागद स्वच्छ. दोनदा उघडलेल्या पोटात आतडी एकमेकांना चिकटलेली असू शकतात. तिसऱ्यांदा आत शिरताना आतड्यालाच धक्का लागायची भीती. आणि खरंच आत काही बिघडत असेल, तर थांबण्यातही धोका. दोन्हीकडून पंचाईत, आणि मधे मी, हातात बोळा.

"थांबूया," बाई म्हणाल्या. "शनिवारपर्यंत."

"अहो बाई, शनिवारपर्यंत कसं?" मास्तर उठून बसायला गेले आणि पोट धरून परत आडवे झाले. "शाळा उघडायला अठरा दिवस राहिलेत. साठ गणवेश कापून पडलेत, एकालाही बाही नाही. उघडा, बघा, शिवून टाका. नाहीतर चेनच बसवा, पुढच्या वेळेला तुमचाही वेळ वाचेल."

"बोलून घ्या," त्यांची बायको म्हणाली. ती पायथ्याशी बसून काजं करत होती. खाटेखाली पिशवीभर शर्ट होते. "मागच्या वेळी पंधरा दिवस म्हणाला होतात. तीन महिने कात्री उचलवली नाही. निम्मी गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, ती अजून तिथेच आहेत. यंदा शाळाही गेली की दुकानाला कुलूप लावा आणि किल्ली डॉक्टरांकडे द्या."

"अगं, दुखतंय मला!"

"मला कुठे हौस आहे तुमच्या दुखण्याची? त्या म्हणतात ना थांबा, मग थांबा."

बाईंनी मास्तरांना पुन्हा डोळे मिटून बोट टेकवायला लावलं, नव्या ठिपक्यासाठी. यावेळी पेन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तुम्हीच द्या, डॉक्टर. स्वतः काढलेलं माणूस सहसा पुसत नाही." मग मास्तरांना डोकं वर उचलायला सांगून पाहिलं. पण त्या दिवशी त्यांना कशानंही दुखत होतं. डोकं उचललं तरी, खोकलं तरी, बायको बोलली तरी. बाईंनी कागदावर लिहिलं, 'आज काही सांगता येत नाही.' एवढ्या मोठ्या डॉक्टरनं असं वाक्य सहीनिशी लिहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचे दोन दिवस त्या रोज तीनदा येऊन स्टुलावर बसल्या. ताप बघितला, नाडी मोजली, पोट कडक होतंय का पाहिलं. ऑपरेशन थिएटर तयारच ठेवायला सांगितलं होतं. मीही दर तासाला जात होतो. पेशंटपेक्षा ठिपका बघायलाच जास्त. शुक्रवारी मास्तर म्हणाले, "आहे हो आहे, जागेवरच आहे. तुम्ही जेवून घ्या."

शुक्रवारीच मी सिस्टरांना विचारलं, बाई पहिल्यापासून अशाच का?

"छे," सिस्टर म्हणाल्या. "मी इथे लागले तेव्हा त्यांना 'चला बाई' म्हणायचे. पेशंट दारातून आत यायचा आणि त्यांचे हात धुऊन तयार."

"मग बदलल्या कधी?"

"असं तारीख सांगून कुणी बदलतं का? रविवारी येऊन जुन्या फायली वाचायला लागल्या. स्वतःच्याच. ज्यांच्या पोटात काही सापडलं नाही, तेवढ्याच."

शनिवारी सकाळी ताप नव्हता, पोट मऊ होतं. दोन दिवसांच्या आरामानं दुखणं बरंच उतरलं होतं.

"मास्तर, डोळे मिटा. एकच बोट."

बोट हवेत जरा फिरलं आणि खाली उतरलं. ठिपक्यावर. बाईंनी हात बाजूला करून पुन्हा करायला लावलं. पुन्हा ठिपक्यावर.

बाईंनी त्याच जागी बोट दाबलं. "दुखतंय?"

"दुखतंय."

"आता बोट असंच राहील. तुम्ही मान उचला, छातीकडे बघा."

मास्तरांनी मान उचलली आणि असे ओरडले की पलीकडच्या खाटेवरचा पेशंटही उठून बसला.

"जास्त दुखलं?"

"विचारता काय? दुप्पट!"

बाई माझ्याकडे वळल्या. "मान उचलली की पोटाचे स्नायू ताठ होतात. आतडी त्यांच्या मागे जातात, माझं बोट तिथवर पोचतच नाही. दुखणं आत असतं तर कमी व्हायला हवं होतं. वाढलं. म्हणजे?"

"म्हणजे... भिंतीत आहे?"

"भिंतीत आहे. आपण चार दिवस घरात शोधतोय." मग मास्तरांना म्हणाल्या, "कापड कापताना उभे कसे राहता, दाखवा."

मास्तर खाटेवरून उतरले, पायथ्याच्या लोखंडी दांडीशी उभे राहिले आणि हवेतल्या कात्रीनं हवेतलं कापड कापायला पुढे वाकले. दांडी बरोबर ठिपक्यावर रुतली. ते कळवळून मागे सरले.

"नवं टेबल आणलंय ना," त्यांची बायको काजावरून मान वर न करता म्हणाली. "वर्षापूर्वी. म्हटलं होतं, उंच आहे, सुताराला बोलवा. तर म्हणे, उंच टेबलाला शान असते."

पहिल्या व्रणाच्या टोकाशी, स्नायूतून बाहेर येणारी एक बारीक नस अडकली होती, आणि मास्तर दिवसातून दहा तास तिच्यावर टेबल दाबत होते. बाईंनी सुई मागवली आणि ठिपक्यातून बधिर करायचं औषध आत दिलं. मग स्टुलावर बसून घड्याळ बघितलं. आम्ही सगळे बसलो. दहा मिनिटांनी मास्तरांनी स्वतःच बोट टेकवलं. दाबलं. अंगठ्यानं दाबलं. उठून दांडीवर ओणवे झाले.

"नाही दुखत," ते जवळजवळ तक्रार केल्यासारखं म्हणाले.

बायकोच्या हातातली सुई थांबली. तिनं शर्टानंच डोळे पुसले, मग तो गणवेशाचा आहे हे लक्षात येऊन झटकला.

मास्तर मात्र स्वतःच्या पोटाकडे बघत होते. "मग बाई, हे दोन कशाला होते?"

सिस्टर पुन्हा पाण्याच्या टाकीकडे बघायला लागल्या.

"पहिला माझा नाही," बाई म्हणाल्या. "दुसरा माझा. आत काही सापडलं नव्हतं, तसं फायलीत लिहिलंय. तुम्ही तीन महिने जुन्या टेबलापासून लांब राहिलात म्हणून नस निवली आणि दुखायचं थांबलं, आता नव्या उंच टेबलानं ती पुन्हा डिवचली. मी समजले, मी बरं केलं. तेव्हा थांबायला हवं होतं. चुकलं माझं."

मास्तरांनी दोन्ही व्रणांवरून बोट फिरवलं.

"माहितेय की मला. रोज आंघोळीला बघतो. ही पहिली शिवण म्हणजे पोतं शिवलंय. ही दुसरी बघा, टाका टाक्याला धरून आहे, कुठे ओढ नाही, कुठे चुणी नाही. म्हणून तर या खेपेला दारातच सांगितलं, भरती करायचं तर बाईंकडेच करा. कापायचंच असेल तर हात तरी बरा हवा."

बाई चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या. मग सिस्टरांना म्हणाल्या, "थिएटरला कळवा, गरज नाही."

सुतारानं टेबल चार बोटं खाली आणलं आणि कडेला कापडाची गादी ठोकली. तीन आठवड्यांनी थोडं दुखायला लागलं, पुन्हा एक सुई दिली. गणवेश शाळा उघडायच्या आदल्या दिवशी पोचले. त्यातल्या एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लागल्या आहेत असं ऐकलं, पण तो मुलगा काही तक्रार घेऊन आला नाही.

त्या वेळी हॉस्पिटलातून घरी जाताना मास्तरांनी मला बाजूला घेतलं होतं. "छोटे डॉक्टर, ठिपका तुम्ही पुसलात, माझे दोन दिवस गेले. दोन दिवसांची दोन बटणं. दुकानात यायचं, दोरा स्वतः ओवायचा, बटण स्वतः लावायचं."

मी हसलो. बाई मागेच उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. "मास्तर पास करतील तोवर माझ्या पेशंटला तुम्ही टाका घालायचा नाही, डॉक्टर," म्हणाल्या आणि स्टूल घेऊन पुढच्या खाटेकडे गेल्या.

या गोष्टीला पाच महिने झाले. मी चार रविवार दुकानात गेलो. तीन दोरा ओवण्यात गेले. चौथ्या रविवारी एक बटण लावलं. मास्तरांनी शर्ट उजेडात धरला, उलटून बघितला, बायकोला दाखवला, मग दातांनी दोरा तोडून बटण परत डबीत टाकलं.

म्हणजे दोन्ही बाकी.