शिंचा कर्ता गेला कुठे?

जगातल्या एकूण एक युद्धांचा निकाल रत्नागिरीत, माझ्या बायकोच्या मामांच्या ओटीवर लागत असे. आयुष्यभर शाळेत मराठीचं व्याकरण शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ सकाळी चहाबरोबर लाल पेन्सिल घेऊन परदेशच्या बातम्या तपासायला बसत. एकच बातमी तीन पेपरांतून आणि मोबाइलवरच्या दोन परदेशी वाहिन्यांवरून काढायची, शेजारी शेजारी मांडायची आणि कोण कोणाच्या बाजूचा ते क्रियापदावरून ओळखायचं, हा त्यांचा उद्योग. ऑफिसला जाताना मी डोकावलो आणि ते "जावईबुवा, हे बघा," म्हणाले की माझी ऑफिसची वेळ टळलीच म्हणून समजा. "म्हणे 'शहरावर बॉम्ब पडले'. पडायला ते काय रायवळ आंबे आहेत? कोणीतरी टाकले ना? मग शिंचा कर्ता गेला कुठे? शत्रूनं टाकले असते तर नाव पहिल्या ओळीत आलं असतं." आवडत्या देशात 'सरकार' असतं आणि नावडत्या देशात 'राजवट', एकाचा तो 'हल्ला' आणि दुसऱ्याचं ते 'प्रत्युत्तर', हे मला त्यांनीच दाखवलं. तेव्हापासून कुठलीही बातमी मी सरळ मनानं वाचू शकलेलो नाही.

हा तपास घरातही चाले. मामी म्हणाल्या, "दूध उतू गेलं," की हे ओटीवरून विचारणार, "गेलं, की तू घालवलंस?"

"गॅस तुम्ही मोठा केलात," असं मामींचं उत्तर आलं की मामा निमूट फडकं शोधायला उठत.

एक बातमी मात्र त्यांनी कधी तपासली नव्हती. त्यांच्या एकुलत्या एका मुलानं चांगली नोकरी सोडून हर्णेला मासळीची खानावळ काढली, तेव्हा "पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस" असं मामांनीच त्याला सुनावलं होतं. हे मला बायकोनं सांगितलं. आठ वर्षं तो आला नव्हता आणि मामी आतल्या आत झुरत होत्या. एकदा मी धीर करून विषय काढला. मामा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "काही गैरसमज झाले. येणं-जाणं थांबलं."

मामी हात पुसत बाहेर आल्या. "थांबलं? कोणी थांबवलं, तेवढं सांगा की जावयांना."

मामांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. मग मला म्हणाले, "त्याचा नंबर लावा." त्यांना कमी ऐकू येई, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"बाळा, मी तुला घराबाहेर काढलं. मी."

पलीकडे तव्यावर काहीतरी चरचरत होतं. मुलानं बहुधा गॅस बंद केला.

"मीही आलो नाही, बाबा," तो म्हणाला. "हर्णे काय लांब होतं?"

मामी उंबऱ्यातच खाली बसल्या.

पुढच्याच रविवारी तो आला आणि मग येतच राहिला. बापलेकांना आंब्याचा एकच मोसम एकत्र मिळाला; पुढचा मोहर यायच्या आत मामा गेले. त्या मोसमात दोघं सकाळी अढीतले आंबे चाचपत बसत, पिकलेले वेगळे काढत, आणि फारसं बोलतही नसत. मी नुसता बघत उभा राहायचो. त्यांना अजून दोन-चार मोसम मिळायला हवे होते, असं मला फार वाटतं.