कप्तान परत फिरतात

लंगर पाण्यात टाकायचा असतो हे मला माहीत होतं. त्याच्या दोराचं दुसरं टोक आधी बोटीला बांधायचं असतं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. कप्तान म्हणाले, "भाऊसाहेब, लंगर सोडा," आणि मी सोडला. अगदी मनापासून सोडला. मागोमाग दोर सळसळत गेला आणि त्याचं शेवटचं टोक माझ्या डोळ्यांदेखत गंगापूर धरणात गडप झालं.

खलाशी सोमा म्हणाला, "भाऊसाहेबांनी लयच सोडला."

कप्तान हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "आपलं इंजिन कसं आहे ते ठाऊक आहे ना?" एवढंच म्हणाले. "बंद पडलं तर बोट धरून ठेवायला आता काही नाही. नवा लंगर येईस्तोवर वारा उठला की परत फिरायचं."

नवा लंगर काही येईना. स्टोअरचं म्हणणं, आधी जुना जमा करा.

ही गोष्ट एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. धरणाच्या तळाशी किती गाळ साचलाय ते मोजायचं एका सरकारी खात्याचं काम होतं. एका काठाच्या खांबापासून समोरच्या काठाच्या खांबापर्यंत बोट सरळ रेषेत न्यायची आणि यंत्र सांगेल ती खोली मी, खात्याच्या कारकुनाने, लिहायची.

बोट चालवायचे भिकन पगारे. कागदोपत्री बोटचालक, पण सगळे त्यांना कप्तान म्हणत. मूळचे नाशिकरोडचे. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी मुंबईहून सुटणाऱ्या एका लहानशा संशोधन जहाजावर काढली होती. आधी खलाशी म्हणून, मग सुकाणूवर. ते जहाज माल नेत नसे की प्रवासी. ते शास्त्रज्ञांना घेऊन जाई आणि समुद्राचा चिखल बरणीत भरून आणी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा पगारे घरी आले आणि आमच्या बोटीवर लागले. येताना जहाजावरची पांढरी टोपी आणि जहाजावरचा कायदा एवढं बरोबर आणलं. टोपीला रोज इस्त्री. कायदा असा, की कुठे जायचं आणि काय मोजायचं ते शास्त्रज्ञाने ठरवायचं, आणि परत कधी फिरायचं ते कप्तानाने.

हा माणूस सायकल स्टँडला लावत नसे, धक्क्याला लावत असे. लांबूनच पायडल सोडायचे, तिरके येऊन भिंतीला हलकेच टेकायचे. जमिनीवर असताना साहेबांच्या जीपचं दार उघडायचे. बोटीत मात्र साहेबांना म्हणायचे, "मधे बसा, काठावर नको." आणि साहेब मधे बसत.

साहेब म्हणजे या मोजणीचे प्रमुख निकमसाहेब. सटाण्याकडचे, कामाचे पक्के, माणूस वाईट नव्हे. पाऊस तोंडावर आला होता, मुंबईची बैठक त्याहून जवळ, आणि चार रेषा बाकी होत्या. त्यातली एक अर्धी झाली असेल नसेल, तोच पश्चिमेकडून वारा सुटला. पाण्यावर शहारे आले. कप्तानांनी बोट वळवली.

"पगारे, रेषा पुरी करा," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. वारा उठला."

"अहो, पाचशे फूट राहिलंय."

"उद्या पण तेवढंच राहील."

धक्क्याला लागलो, बोट बांधली, आणि वारा पडला. असा पडला की सोमाची विडी पहिल्या काडीत पेटली. पाणी तर कसं, परातीत ठेवल्यासारखं. साहेबांनी पाण्याकडे पाहिलं, मग कप्तानांकडे. "उद्यापासून मी सांगेन तेव्हाच फिरायचं. हो म्हणत असाल तर सकाळी या. नाहीतर स्टोअरला जाऊन पाइप सांभाळा."

संध्याकाळी मी कप्तानांच्या घरी गेलो. लंगर माझ्या हातून गेलेला, म्हटलं निदान त्यांची नोकरी तरी जाऊ नये. कप्तान टोपीला इस्त्री करत होते.

"नुसतं हो म्हणा," मी म्हणालो. "पाण्यावर गेल्यावर करा तुमच्या मनासारखं."

"मीही तेच सांगतेय," त्यांच्या पत्नी लताबाई आतून म्हणाल्या. "घरात नाही का प्रत्येक गोष्टीला हो म्हणत? कधी केलंय सांगितलेलं?"

"घरात कोणी बुडत नाही," कप्तान म्हणाले. मग इस्त्री बाजूला ठेवून हळूच म्हणाले, "पाइप काही वाऱ्यातून परत फिरवावे लागत नाहीत हो, भाऊसाहेब." एवढंच. मग त्यांनी पुन्हा इस्त्री उचलली.

सकाळी ते धक्क्यावर वेळेवर आले. साहेबांनी विचारलं, "मग, हो ना?"

कप्तानांनी इंजिनाची किल्ली काढून साहेबांच्या हातावर ठेवली. "बोट तुमची, साहेब. तेवढं हो म्हणता येणार नाही." आणि सायकलकडे चालू लागले.

साहेब किल्ली हातात घेऊन उभे. आम्हाला म्हणाले, "चला, बसा. सोमा, तू चालव."

सोमा बसला नाही. मीही बसलो नाही. आयुष्यात साहेबांचं न ऐकण्याची माझी ती पहिलीच वेळ. माझे पाय जमिनीवरच राहिले.

"काय झालं?"

सोमा मान खाजवत म्हणाला, "चालवायला येतंय साहेब. पण माघारी कवा फिरायचं ते मला समजत नाय. तुमाला समजत असंल तर बसतो."

साहेबांनी धरणाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सटाण्याच्या कोरड्या मुलखातल्या माणसाला एवढं पाणी नुसतं पाहायलासुद्धा वेळ लागतो. मग त्यांनी हाक मारली, "पगारे, अहो पगारे, ही किल्ली घ्या. वाऱ्याचं तुम्ही बघा. पण आज दोन रेषा तरी झाल्या पाहिजेत."

"वारा नसला तर तीन करू," म्हणत कप्तानांनी सायकल परत भिंतीला लावली. "मधे बसा साहेब."

दोन झाल्या. तिसरीच्या अर्ध्यात वारा उठला, कप्तान फिरले, आणि साहेब आपल्या चष्म्याच्या काचा पुसत बसले. बोट बांधताना मला राहवलं नाही. म्हणालो, "कप्तान, आता सगळं मिटलंय म्हणून विचारतो. काल वारा पडला, म्हणजे तुम्ही चुकलातच ना?"

"चुकलो, आणि उद्याही असाच चुकेन."