शेवटच्या सात गोष्टी

सातवीत शाळा सुटली, त्यामुळे काय वाचायचं आणि काय सोडायचं हे मला अजून ठरवता येत नाही. समोर येईल ते सगळं टाइप करते. भंडाऱ्याहून सोलापूरला आले, छापखान्यात बसायला लागले, तेव्हापासूनची ही सवय. जुनं पुस्तक पुन्हा काढताना आमच्याकडे सुरुवातीची पानं कुणी टाइप करत नाही. थेट पहिल्या गोष्टीपासून धरायचं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि विचारायला भीती वाटली.

म्हणून एका जुन्या पुस्तकाच्या सुरुवातीचं प्रकाशकाचं निवेदन मी अक्षर न अक्षर टाइप केलं.

पुस्तक एका जुन्या कथालेखकाचं. लेखक जाऊन साठाच्या वर वर्षं झालेली, म्हणजे हक्क संपला, आता कुणीही छापावं, अशा हिशेबाने मालकांनी ते हाती घेतलं होतं. निवेदनात मात्र लिहिलं होतं की शेवटच्या सात गोष्टी लेखकाच्या हयातीत कुठेच छापल्या नव्हत्या. त्यांच्या मुलीने जपलेल्या वहीतून त्या याच पुस्तकात पहिल्यांदा येत आहेत. आणि ते पुस्तक निघून जेमतेम तीस वर्षं झाली होती.

मला कायदा कळत नव्हता, पण ‘पहिल्यांदा’ हे काही मनातून जाईना. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, रात्री झोपही नाही. मुखपृष्ठ छापून तयार होतं. मी तोंड उघडलं आणि काम अडलं, तर खापर माझ्यावर. नोकरी गेली तर घरी काय सांगायचं?

तिसऱ्या दिवशी पान घेऊन उभी राहिले.

"मालक, हे जरा पाहता का जी?"

"बोला जी," ते माझी नक्कल करत हसले. पान वाचता वाचता हसू थांबलं. "आयला! ताई, तुमी टायपिस्ट हाय का वकील?"

खऱ्या वकिलाला फोन लागला. मरणानंतर पहिल्यांदा छापलेल्या लिखाणाची साठ वर्षं छापल्यापासून मोजतात, असं त्यांनी सांगितलं. बाकीचं पुस्तक मोकळं, ह्या सात गोष्टींना मुलीची परवानगी हवी. ती अक्कलकोटला असते, हे मालकांनी आणखी दोन फोनांत काढलं.

"चला. तुमीच शोधलंय, तुमीच बोला."

"बर्री, बर्री. या की, बसा," अक्कलकोटला पोचलो तसं लेखकाच्या मुलीने, आता आजीच त्या, दारातूनच हाक दिली. मी नुसतं टाइप केलेलं पान पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"हे तुमी टाइप केलं?"

"हो जी. चुकून."

"नाव प्रकाशकाचं हाय, पर लिवलंय मी. इतक्या वर्सांत वाचलं म्हनून कुनी सांगितलं न्हाय बगा."

मालकांनी सगळं समजावून परवानगीचा कागद पुढे केला. सही करण्याआधी आजींनी एकच अट घातली, "हे पान गाळायचं न्हाय."

"त्याची काळजीच नको, आजी," मालक म्हणाले. "आमच्या ताईंना गाळताच येत न्हाय."

सगळ्यात मोठ्याने मीच हसले. परतताना एसटीत गाढ झोप लागली. दोन दिवसांची राहिली होती.