सरलाबाईंचा पूर्वपक्ष

सरलाबाई मिशनच्या शाळेत मराठी शिकवत, आणि बाराखडीइतक्याच खात्रीने प्रभू येशूबद्दल बोलत. मध्यप्रदेश हे नवं राज्य झालं त्या सुमारास त्यांची मुलगी अरुंधती कॉलेजात इतिहास शिकू लागली आणि चर्चला यायची बंद झाली. "शंका घेणारे सगळे सारखेच, देवाचे वैरी!" सरलाबाई रागाने बोलून गेल्या. पोरीने तीन आठवडे अबोला धरला. आईचा जीव तुटत होता, पण माघार घ्यायची कशी? हट्ट तर दोघींचा एकाच मापाचा.

रामबाग मोहल्ल्यात कृष्णरावांच्या ओसरीवर रविवारी दुपारी बैठक भरे. होळकरांच्या दफ्तरात त्यांची हयात गेली होती. बैठकीचा नियम जुन्या शास्त्र्यांचा: आधी पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं की त्याने 'हो, हेच' म्हणावं, मगच उत्तर. त्या दिवशी विषय होता, येशू खरोखर होऊन गेला का? सरलाबाई पुढे बसल्या होत्या, अरुंधती मागे.

सरलाबाई ताडकन उठल्या. "तुम्हा सगळ्यांचं म्हणणं, ही निव्वळ थाप आहे."

"थाप मी कुठे म्हटलं, सरलाजी?" कृष्णराव हसले. "आमच्या दफ्तरात घोडा मेला तरी नोंद. येशूच्या हयातीतली एक भी चिठ्ठी नाही. सबूत दाखवा, बस."

सरलाबाई वरमल्या. "त्या वेळचा कागद नाही, म्हणून खात्री नाही. हेच ना?"

"बिलकुल."

"कबूल, कागद नाही. पण घोड्याची नोंद करणाऱ्यांनी घोडा राखणाऱ्या प्रत्येक मोतद्दाराची केली होती का? हा तर खेड्यातला सुतार."

कृष्णरावांनी विचार करून मान डोलावली.

"पण माझं म्हणणं हे नाहीच," मागून अरुंधती म्हणाली. "तो झाला, क्रुसावर गेला, हे मी मानते. पण त्याचं चरित्र सांगणारी शुभवर्तमानं पुष्कळ वर्षांनी लिहिली. त्यात त्याचे स्वतःचे शब्द किती आणि मागाहूनचे किती?"

सरलाबाईंनी ते आपल्या शब्दांत मांडलं. दोनदा चुकल्या, दोनदा लेकीने दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "हो आई, हेच."

"याचं उत्तर आज माझ्याकडे नाही," सरलाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "पण याला वैर म्हणाले, ते माझं चुकलं."

पुढच्या रविवारीही अरुंधती चर्चमध्ये आली नाही. प्रार्थना संपल्यावर मात्र फाटकाशी उभी होती, हातात प्रश्नांनी भरलेली वही.

"मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरू करू या?" तिने विचारलं.

सरलाबाईंनी तिथेच उभ्या उभ्या पुस्तक उघडलं.