शिळा रोट

छप्पन सालच्या दिवाळीच्या सुमारास आमचा प्रांत फुटणार, हे त्या पावसाळ्यात पक्कं झालं आणि बुऱ्हाणपुरात ज्याला त्याला सल्ले देण्याची उबळ आली. नागपूर-वऱ्हाड मुंबईला जोडलं जाणार, आम्ही मात्र मध्य प्रदेशातच राहणार. मी गावातल्याच लालबागेतल्या सरकारी मुलींच्या शाळेत मराठी वर्गांना शिकवत होते. आम्हाला विचारलं गेलं होतं, इथेच राहता की तिकडच्या एखाद्या शाळेत जाता? श्रावण संपायच्या आत सांगा.

विचारणाऱ्याला वाटत असावं, दोन वाटा दाखवल्या की माणूस एक धरतो. मला सकाळी एक वाट बरोबर वाटायची आणि संध्याकाळी दुसरी. राहिले तर पुढेमागे हिंदीतून शिकवायचं, आणि माझी हिंदी भाजीबाजारापुरती. गेले तर कुठल्या गावात टाकतील ठाऊक नाही. खोली शोधा, एकट्या बाईकडे बघणाऱ्या घरमालकाच्या नजरा झेला. या डळमळण्याचा मला स्वतःलाच वीट आला होता.

लोकांचा तर त्याहून जास्त. आमच्या शाळेतल्या मोठ्या बाई जन्मभर मराठी शुद्धलेखनासाठी मुलींच्या हातावर छड्या ओढत आल्या होत्या. त्या आठवड्याभरात 'बहनजी' झाल्या आणि मलाही "आइए, बैठिए" करू लागल्या. वारा येईल तशी पाठ द्यावी म्हणतात, पण पाठ देतानाही थोडी लाज असावी की नाही?

घरी माझा धाकटा भाऊ होता. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला तेव्हा मी त्याच्याकडे परत आले, नोकरीला लागले, आणि घर बरंचसं माझ्या पगारावर चालू लागलं. हा विषय कोणी काढत नसे. त्या महिन्यात मात्र भाऊ रोज जेवताना एकच सूर लावी.

"ताई, तुले कायले जानं तिकडं? तू तं घरचीच हायेस."

भावजय लगेच माझ्या ताटात तूप वाढायची. एरवी तिचा हात तुपाच्या भांड्यापर्यंत पोचत नसे. ते तूप कशासाठी आहे हे मला कळायचं, आणि तरी मी ते खायचे, कारण 'घरचीच' हा शब्द ऐकायला बरा वाटायचा.

मग कानबाई आली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे देवी बसते आणि तिचा रोट होतो, म्हणजे गव्हाची जाड भाकर. घराण्यातल्या पुरुषागणिक एकेक मूठ गहू मोजून घ्यायचे. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. परक्याच्या तोंडी घास जाता कामा नये. लग्न होऊन गेलेली लेक परकीच, ती परत आली तरी.

गहू आमचे काका मोजत. काकांची मूठ म्हणजे ओंजळच. त्यांनी तुकईथड गावच्या चुलतभावांच्या मुठी घेतल्या, आणि नंतर भावजयीच्या पोटाकडे बघून मिशीत हसत आणखी एक घेतली. सहावा महिना होता तिला. "याची बी घ्या," म्हणाले. पुढे मुलगी झाली, तो भाग वेगळा.

ते सगळं पीठ जात्यावर मी दळलं. दरवर्षी मीच दळायचे. दरवर्षी रोट वाढताना मी स्वयंपाकघरात वेगळी भाकर खायचे, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण यंदा महिनाभर 'घरचीच' ऐकून माझे कान सोकावले होते. मी वेड्यासारखी पंगतीच्या टोकाला जाऊन बसले.

भावजय वाढत वाढत आली आणि थांबली. "ताई, तुमाले नाही चालत ना," ती हळूच म्हणाली. भावाने मान वर केली नाही. त्याच्या तोंडात घास होता.

मी उठले. राग आला असता तर बरं झालं असतं. मला स्वतःचीच किळस आली, की ही बाई चाळिशीला आली आणि अजून एका घासासाठी हात पसरते.

तुकईथडचे चुलतभाऊ पावसाने वाट बंद झाली म्हणून आलेच नाहीत. त्यांच्या वाटचा रोट तसाच राहिला. बाकीच्यांनी तीन दिवस दुधात कुस्करून, गुळाशी, आमटीत बुडवून खाल्ला आणि मग सगळ्यांची पोटं बिघडली. श्रावणातली ओल. रोटाच्या कडेला हिरवी बुरशी धरली. भावजय ती नखाने खरवडून काढी आणि नख पदराला पुसे.

पौर्णिमेच्या आदल्या दुपारी मी शाळेतून आले तेव्हा काका, भाऊ, भावजय तिघं ती टोपली मधे ठेवून बसले होते. रोट उरला तर देवी कोपते, म्हणून काका घाबरले होते. भावाने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"ताई, तू घे ना दोन-चार. कोनाले समजते?"

"हो ना," भावजय म्हणाली, "तुमी का परक्या हायेत?" आणि तिने खरवडलेला तुकडा माझ्यापुढे धरला.

काकांनी छताकडे बघितलं. इतका धर्म सांगणारा माणूस, पण आता त्याला छताच्या कड्या मोजायच्या होत्या.

इतके दिवस मी दोन वाटांचा हिशेब करत होते. तो तुकडा बघितला आणि माझं डोकं स्वच्छ झालं. ताजा असताना मी दुसऱ्या कुळाची, आणि बुरशी आल्यावर घरची. इथे राहिले तर जन्मभर हेच खायचं होतं.

"मी दुसऱ्या कुळाची," मी म्हटलं. "मले चालत नाही. आन आता शाळेत सांगून देते, मी तिकडं जाते म्हनून."

भावाचा हात टोपलीवरच राहिला. मग त्याला राग आला. "तिकडं तुह्यं हाये कोन?"

"कोनीच नाही."

चुलीपाशी सकाळची ज्वारीची भाकर होती. तेल-तिखट घेऊन मी त्यांच्यासमोरच बसले आणि पोटभर जेवले.